मोतीबिंदूवरील उपचार आणि त्याचा पुरावा : सातारा-सांगली परिसराच्या वैद्यकीय इतिहासातील एक प्रकरण

१

एखादा उपचार गुणकारी आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानाच्या पोटी तीन प्रश्न दडलेले असतात. गुण कोणी पाहिला, केव्हा पाहिला, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची गणना कोणी ठेवली, हे ते तीन प्रश्न होत. वैद्यकाच्या इतिहासात उपचारांच्या शोधाची हकीकत विस्ताराने सांगितली जाते. त्या उपचारांच्या पुराव्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक हा दुसरा इतिहास पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. उपचार जुना असूनही त्याचा पुरावा अगदी अलीकडचा असू शकतो, आणि मधल्या काळात उपचार घेणाऱ्यांच्या पदरात काय पडले हे ठरविण्याचे साधन त्यामुळे उपलब्ध नसते.

वृद्धांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. तरुण मनुष्याची दृष्टी गेली तर ती आपत्ती मानली जाते. म्हाताऱ्याची गेली तर ते वयाचे देणे समजले जाते. जे वयाबरोबर जाणारच असे गृहीत धरलेले असते, ते उपचाराने परत आले की नाही याची काटेकोर चौकशी कोणी करीत नाही. मोतीबिंदू हा मुख्यत्वे उतारवयाचा विकार आहे. डोळ्यातील स्वच्छ भिंग हळूहळू गढूळ होत जाते आणि अखेर प्रकाश व अंधार यांपलीकडे काही कळेनासे होते. औषधाने तो बरा होत नाही, शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपाय. म्हणून उपचार आणि पुरावा यांतील अंतर तपासण्यास मोतीबिंदूइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल.

या अभ्यासासाठी सातारा-सांगलीचा परिसर निवडण्यास कारण आहे. ब्रिटिश अमदानीत सातारा हा मुंबई इलाख्यातील जिल्हा होता, तर सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४८ मध्ये ही संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळाले. कृष्णेच्या काठचा हा सलग मुलूख. गावोगाव फिरणाऱ्या वैदूची सुई, मिशनच्या इस्पितळातील शस्त्र, शाळेच्या आवारात भरणारे नेत्रशिबीर आणि आधुनिक रुग्णालयातील कृत्रिम भिंग या चारही अवस्था या भागाने पाहिल्या. प्रत्येक अवस्थेत यशाची मोजणी निराळ्या क्षणी झाली, आणि त्या क्षणाच्या निवडीवरच यशाचे माप ठरले, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचे सर्वात जुने तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील सतराव्या अध्यायात आढळते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात उत्तरस्थानातील चौदावा अध्याय ‘लिंगनाशप्रतिषेध’ या नावाने त्यासाठीच राखून ठेवलेला आहे. महाराष्ट्रातील वैद्यांमध्ये वाग्भटाचे अध्ययन विशेष रूढ होते, आणि डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’ या ग्रंथामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मराठी वाचकांच्याही हाती आले.

या ग्रंथांतील क्रिया भिंग बाहेर काढण्याची नव्हे. शलाकेने डोळ्याच्या कडेकडून वेध घेऊन गढूळ भिंग खाली अथवा बाजूला सारावयाचे, म्हणजे प्रकाशाची वाट मोकळी होते. सर्वसाधारण भाषेत हिला ‘मोतीबिंदू पाडणे’ असे म्हणतात. ग्रंथकारांची सावधगिरी लक्षणीय आहे. लिंगनाशाचे सर्व प्रकार शस्त्रसाध्य नाहीत, कफज प्रकारच साध्य आहे, असे ते बजावतात. रोग्याला रूपे दिसू लागली म्हणजे शलाका काढून घ्यावी, डोळ्यावर तुपाची पट्टी बांधावी, रोग्याला उताणे निजवावे, शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे टाळावे असे नियम ते घालून देतात. वेध चुकल्यास होणारे उपद्रवही त्यांनी सांगितले आहेत. रोग्याची निवड, शस्त्रकर्म, शुश्रूषा आणि उपद्रव ही चारही अंगे ग्रंथात आहेत. किती रोग्यांवर क्रिया केली आणि त्यांपैकी किती वर्षभरानंतर पाहू शकत होते, हे मात्र शास्त्रग्रंथाच्या कक्षेत येत नव्हते. त्या काळच्या जगातील कोणत्याही वैद्यकाच्या कक्षेत ते येत नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कालांतराने ग्रंथ आणि शस्त्र यांची फारकत झाली. ग्रंथ वैद्यांच्या घरी राहिला आणि शलाका फिरत्या लोकांच्या हाती गेली. पंजाबात रावळ, उत्तर हिंदुस्थानात सथिये आणि आपल्याकडे डोळे करणारे वैदू हे काम करीत. बाजाराच्या किंवा जत्रेच्या गावी मुक्काम करावा, म्हाताऱ्या माणसाला ओसरीवर बसवून मोतीबिंदू पाडावा, समोर बोटे धरून ती मोजावयास सांगावी, आणि मोबदला घेऊन पुढच्या गावी जावे असा त्यांचा क्रम असे. ज्या वृद्धाला वर्षभर मनुष्याची आकृतीही कळत नव्हती, त्याने सर्वांसमक्ष बोटे मोजली, याहून मोठा पुरावा गावाला कोणता हवा होता?

परंतु हा पुरावा एका क्षणाचा होता. खाली ढकललेले भिंग डोळ्यातच राहते. सुई स्वच्छ नसेल तर काही दिवसांत डोळा पिकतो. भिंगाचे आवरण फाटले तर आतील द्रव्यामुळे दाह सुरू होतो. डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूसारखी अवस्था झाली तर असह्य वेदना होऊन उरलेला प्रकाशही नाहीसा होतो. हे सर्व घडावयास आठवडे किंवा महिने लागतात, आणि तोपर्यंत वैदू पाच-पन्नास कोस दूर गेलेला असतो. जो यश पाहण्यास हजर होता तोच अपयशाच्या वेळी गैरहजर होता. यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. आपल्या क्रियेचा शेवट काय झाला हे कित्येक वैदूंना खरोखरच ठाऊक नसेल. पुराव्याची रचनाच अशी होती की, करणाऱ्याला अपयशाचे ज्ञान होऊ नये.

याच संदर्भात मराठी राजसत्तेच्या एका दूरस्थ शाखेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. साताऱ्याचे छत्रपती आणि तंजावरचे राजे हे दोघेही भोसले कुळातील. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे), ज्यांचे निधन १८३२ मध्ये झाले, यांनी धन्वंतरी महाल ही संस्था चालविली आणि नेत्ररोगांवरील उपचारांत स्वतः लक्ष घातले. तेथील नेत्ररोग्यांच्या हकीकती, त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. राजाश्रयाखाली का होईना, एकेका रोग्याची स्वतंत्र नोंद ठेवावी, डोळा जसा दिसला तसा चित्रित करावा, ही कल्पना मराठी दरबारात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात अमलात आली होती. फिरत्या वैदूपाशी नसलेली एक गोष्ट या कागदांत आहे, ती म्हणजे रोग्याची स्मृती. तथापि ही पद्धत दरबाराबाहेर पसरली नाही, आणि राजाबरोबर तिचाही अंत झाला.

३

भिंग डोळ्याबाहेर काढण्याची क्रिया युरोपात झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७४७ मध्ये केली आणि तिचा वृत्तांत १७५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील दीडशे वर्षांत दोन सुधारणांनी ती वृद्धांस सोसवेल अशी झाली. लिस्टरने १८६७ मध्ये मांडलेली जंतुनाशक पद्धती ही पहिली. कार्ल कोलर याने १८८४ मध्ये कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखविले, ही दुसरी. क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध करणे वृद्ध हृदयास व फुप्फुसास धोक्याचे असे. डोळ्यापुरती बधिरता आल्यावर सत्तरीच्या मनुष्यावरही शस्त्रक्रिया करता येऊ लागली.

ही सुधारलेली क्रिया कृष्णाकाठी आली ती अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमार्फत. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. आरंभी सांगलीस काम केल्यावर त्यांनी मिरज हे आपले केंद्र केले. पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ मध्ये इस्पितळ उभे राहिले. मिरजेची निवड दूरदर्शीपणाची ठरली. सदर्न मराठा रेल्वेचा फाटा मिरजेवरून जात होता, आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा लोहमार्गही तेथे येऊन मिळाला. कर्नाटक, कोल्हापूर, सातारा आणि पुणे या चारही दिशांनी आंधळ्या वृद्धास आगगाडीत बसवून मिरजेस आणता येऊ लागले. वानलेस यांची कीर्ती ज्या शस्त्रक्रियांमुळे पसरली त्यांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रमुख होती. १९२८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, त्याच वर्षी ते निवृत्त झाले, आणि १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव इस्पितळाला आणि वानलेसवाडी या वस्तीला आजही आहे. सातारा जिल्ह्यातही वाई येथे अमेरिकन मराठी मिशनचे इस्पितळ चालत असे.

मिरजेच्या इस्पितळाने पुराव्याच्या स्वरूपात पहिला मोठा बदल घडवून आणला. वैदू गावाकडे येत होता. आता रोगी इस्पितळाकडे येऊ लागला. तो तेथे दिवसेंदिवस राहिला, त्याची पट्टी रोज बदलली गेली, त्याचे नाव वहीत लिहिले गेले. उजाडताच्या सुमारास डोळा पिकला तर तो पाहणारे डोळे तेथे हजर होते. अपयश प्रथमच शस्त्रवैद्याच्या नजरेस पडू लागले. गावाच्या दृष्टीने पुरावा अधिक साधा होता. जो हाताला धरून नेला होता तो आपल्या पायांनी परत आला. इस्पितळाची ख्याती छापील अहवालांनी पसरली त्याहून अधिक अशा परत आलेल्या म्हाताऱ्यांनी पसरविली.

पण इस्पितळाच्या पुराव्यालाही एक कडा होती, आणि ती म्हणजे इस्पितळाचे दार. रोगी घरी गेला की वहीतील नोंद संपली. या मर्यादेची चर्चा त्या काळीच हिंदुस्थानभर झाली होती. जालंदरचे कर्नल हेन्री स्मिथ हे आवरणासह संपूर्ण भिंग काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. त्यांनी अशा हजारो शस्त्रक्रिया केल्या आणि १९१० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या हस्तकौशल्याविषयी मतभेद नव्हता; टीकाकारांचा आक्षेप असा होता की, रोगी थोड्याच दिवसांत गावी निघून जातात, पुढे त्या डोळ्यांचे काय होते हे कोण सांगणार? हजारो संख्येचा पुरावा दहा दिवसांपुरताच असेल, तर दहा वर्षांविषयी तो मूकच राहणार.

दुसऱ्या बाजूने मद्रासचे नेत्रशस्त्रवैद्य आर. एच. एलिअट यांनी मोतीबिंदू पाडण्याच्या देशी क्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्ससमोर त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली आणि ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाडलेल्या मोतीबिंदूंचे डोळे कापून तपासून, ते कोणत्या कारणांनी बिघडले याची त्यांनी दिलेली मीमांसा मोलाची आहे. मात्र अशा सामग्रीच्या स्वरूपाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहिले पाहिजे. ज्याचा मोतीबिंदू वैदूने पाडला आणि ज्यास दिसू लागले, त्यास सरकारी इस्पितळात जाण्याचे कारणच उरत नव्हते. ज्याचा डोळा बिघडला तोच दुखणे घेऊन तेथे येत होता. म्हणजे वैदूला फक्त यशे दिसत होती आणि इस्पितळाला मुख्यतः वैदूची अपयशे दिसत होती. दोघांचेही निष्कर्ष आपापल्या जागी प्रामाणिक असतील. दोघांचेही नमुने एकांगी होते. देशी क्रिया हानिकारक होती हा निष्कर्ष पुढील ज्ञानाने पक्का झाला आहे. तरी तो योग्य होता म्हणून त्यामागील मोजणीही निर्दोष होती असे म्हणता येत नाही.

४

इस्पितळाच्या दाराबाहेरील आंधळ्यांची एक मोजणी त्याच काळात होत होती, ती म्हणजे खानेसुमारी. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमाऱ्यांत वेड, मूकबधिरता, अंधत्व आणि महारोग या व्यंगांची नोंद घेतली जात असे. १९४१ पासून ती बंद झाली. या नोंदींचा एक गुण असा की, त्या इस्पितळात आलेल्यांपुरत्या नव्हत्या. डोंगराळ पाटणपासून माणदेशाच्या कोरड्या मुलखापर्यंत गणनाकार घरोघर जात असे. वयोगटानुसार मांडलेल्या तक्त्यांत अंधत्वाचे प्रमाण उतारवयात झपाट्याने वाढताना दिसते, आणि अंधत्व हा मोठ्या अंशी वृद्धत्वाचा प्रश्न आहे ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध होते.

परंतु या मोजणीच्याही मर्यादा तितक्याच ठळक आहेत. गणनाकाराने दोन्ही डोळ्यांनी आंधळे असलेल्यांचीच नोंद करावयाची होती. एका डोळ्याने अंध आणि अंधुक दिसणारे त्यातून वगळले गेले. अंधत्वाचे कारण विचारले जात नसे. त्यामुळे देवी, खुपऱ्या, काचबिंदू आणि मोतीबिंदू हे सर्व एकाच रकान्यात पडत. शिवाय सातारा हा ब्रिटिश जिल्हा आणि सांगली-मिरज ही संस्थाने यांचे आकडे निरनिराळ्या सदरांखाली मांडले जात असल्यामुळे, मिरजेच्या इस्पितळाचा आसपासच्या मुलखावर काय परिणाम झाला हे एका तक्त्यावरून वाचता येत नाही. इस्पितळाच्या वहीत उपचार होता पण समाज नव्हता. खानेसुमारीत समाज होता पण उपचार नव्हता. या दोन कागदांची गाठ घालून देणारी मोजणी व्हावयास आणखी अर्धे शतक जावे लागले.

५

स्वातंत्र्योत्तर काळात इस्पितळ पुन्हा गावाकडे निघाले. शाळेच्या खोल्या, धर्मशाळा, देवळांची आवारे यांत नेत्रशिबिरे भरू लागली. तत्कालीन विजापूर जिल्ह्यातील बिळगी येथे जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी हे या चळवळीतील सर्वात विख्यात नाव. एका दिवसात ८३३ मोतीबिंदूंच्या शस्त्रक्रिया, आणि फेब्रुवारी १९९३ पर्यंत एकूण ६,१०,५६४ शस्त्रक्रिया अशी त्यांच्या कार्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. ज्या वृद्धांना तालुक्याच्या गावापर्यंतही कोणी नेले नसते, त्यांच्यापर्यंत शस्त्रवैद्य पोहोचला, हे शिबिरांचे श्रेय निर्विवाद आहे. तरीही विक्रमाच्या नोंदीत नेमके काय मोजले गेले आहे हे पाहिले पाहिजे. तेथे शस्त्रक्रिया मोजल्या आहेत, परत आलेली दृष्टी मोजलेली नाही.

हीच प्रवृत्ती पुढे शासकीय स्वरूपात स्थिर झाली. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्ह्या-जिल्ह्यांना शस्त्रक्रियांची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. उद्दिष्टामागील तळमळ रास्त होती. भारतात दरवर्षी सुमारे ३८ लाख व्यक्ती मोतीबिंदूने नव्याने अंध होतात, असा अंदाज मिनासियन व मेहरा यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. तुंबलेले काम एवढे प्रचंड असताना संख्येला महत्त्व येणे स्वाभाविक होते. पण उद्दिष्ट ज्याचे असते त्याचीच मोजणी होते, आणि ज्याची मोजणी होते त्यालाच यश म्हणण्याची सवय लागते.

या मोजणीतून जी गोष्ट निसटली ती वरकरणी क्षुल्लक दिसते. ती म्हणजे चष्मा. भिंग काढून टाकलेल्या डोळ्याला प्रकाश मिळतो, पण प्रकाश एका बिंदूवर आणण्याचे साधन त्यात राहत नाही. सुमारे दहा डायॉप्टर शक्तीचा जाड भिंगाचा चष्मा लावला तरच त्याला उपयोगी पडेल असे दिसते. चष्मा नसेल तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही मनुष्य व्यवहारतः अंधच राहतो. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव हिश्श्याने मोठ्या दिसतात, कडेचे दिसत नाही, पायरीचा अंदाज चुकतो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असून दुसऱ्या डोळ्यास थोडे दिसत असेल, तर दोन आकाराच्या दोन प्रतिमांमुळे अधिकच गोंधळ होतो. शेतावर किंवा गोठ्यात चष्मा पडून फुटला, तर दुसरा आणण्यासाठी कोणीतरी शहरात गेले पाहिजे. घरातील वृद्धेच्या चष्म्यासाठी असा खर्च आणि खेप करण्यास घर तयार असेलच असे नाही. शिबिराच्या वहीत ती वृद्धा यशस्वी शस्त्रक्रियेचा एक आकडा होती. स्वतःच्या घरात ती पुन्हा भिंतीला हात लावून चालत होती.

हा अंदाज केवळ तर्क नव्हता, हे लोकवस्तीतील पाहण्यांनी दाखवून दिले. या पाहण्यांत इस्पितळाच्या वहीपासून आरंभ न करता, खानेसुमारीप्रमाणे घरोघर जाऊन शस्त्रक्रिया झालेले डोळे शोधले व तपासले जाऊ लागले. समाज आणि उपचार यांची गाठ येथे प्रथमच पडली. हैदराबाद शहरातील अशा एका पाहणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांपैकी सुमारे एक पंचमांश डोळ्यांची दृष्टी ६/६० पेक्षाही कमी आढळली. म्हणजे निकोप डोळ्यास जे अक्षर साठ मीटरवरून दिसते, ते त्यांना सहा मीटरवरूनही दिसत नव्हते. कागदोपत्री हे सर्व डोळे ‘उपचार झालेले’ होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये घालून दिलेल्या मानदंडाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. रोग्याजवळ प्रत्यक्ष असलेल्या चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा अधिक दृष्टी मिळावी, आणि ६/६० पेक्षा कमी दृष्टीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असावे, असा तो मानदंड होता. त्यातील ‘रोग्याजवळ प्रत्यक्ष असलेल्या’ या शब्दांत शतकभराचा अनुभव साठविलेला आहे.

६

चष्म्याच्या अडचणीवर मूलगामी उपाय म्हणजे डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविणे. लंडनचे हॅरल्ड रिड्ली यांनी १९४९ मध्ये असे भिंग प्रथम बसविले. भारतातील सार्वजनिक कार्यक्रमात ते व्यापक प्रमाणावर येण्यास १९९० नंतरचे दशक उजाडले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सात राज्यांत सुरू झालेल्या मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश होता. या काळात तात्पुरत्या शिबिरात शस्त्रक्रिया करण्याऐवजी गावात केवळ तपासणी करून रोग्यास सुसज्ज रुग्णालयात आणावे, या पद्धतीकडे कार्यक्रम वळला. मिरजेची शतकापूर्वीची रीत एका अर्थाने पुन्हा मान्य झाली.

मात्र महाग भिंग गरीब देशातील वृद्धांना खरोखर अधिक हितावह आहे काय, हा प्रश्न अधिकारवाणीने सुटणारा नव्हता. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात ४० ते ७५ वर्षे वयाच्या ३,४०० रोग्यांची दोन गटांत यदृच्छया, म्हणजे नाणेफेकीच्या न्यायाने, वाटणी करण्यात आली. एका गटास जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया व जाड चष्मा, दुसऱ्यास कृत्रिम भिंग देण्यात आले आणि वर्षभरानंतर दोघांची तुलना झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कृत्रिम भिंगाचा गट दृष्टीच्या बाबतीत सरस ठरला. अशा वाटणीचे मर्म असे की, कोणता रोगी कोणत्या गटात जाईल हे शस्त्रवैद्याच्या पसंतीवर राहत नाही. म्हणून परिणामातील फरक उपचाराचाच मानता येतो. वैदू आणि एलिअट या दोघांच्याही पुराव्यात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

सातारा-सांगलीच्या दृष्टीने अधिक जवळचा पुरावा पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात तयार झाला. गोगटे, देशपांडे, वर्माल्ड व सहकारी यांनी ४० ते ९० वर्षे वयाच्या ७४१ रोग्यांवर केलेली तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या छेदाची, टाके घालावी लागणारी पद्धत आणि लहान छेदाची बिनटाक्याची पद्धत यांत सरस कोणती, हा प्रश्न होता. सहा आठवड्यांनी ७०६ रोगी तपासणीस परत आले. चष्म्याविना ६/१८ किंवा अधिक दृष्टी मोठ्या छेदाच्या गटात ३६२ पैकी १३५ जणांना, म्हणजे सुमारे ३७ टक्क्यांना, आणि लहान छेदाच्या गटात ३४४ पैकी १६५ जणांना, म्हणजे सुमारे ४८ टक्क्यांना मिळाली. योग्य चष्मा लावल्यावर हेच प्रमाण अनुक्रमे ८६.७ व ८९.८ टक्के झाले.

हे आकडे दोन प्रकारे वाचता येतात. पहिल्या वाचनात लहान छेदाची, कमी खर्चाची पद्धत सरस ठरते, आणि २००५ मध्ये त्याच रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या ४०० रोग्यांवरील दुसऱ्या अभ्यासाने त्याला पुष्टी मिळते. तेथे तुलना यंत्राने भिंग विरघळवून काढण्याच्या महागड्या पद्धतीशी होती. चष्म्याविना यांत्रिक पद्धत काहीशी पुढे होती. चष्म्यासह दोन्ही गटांत ९८ टक्क्यांहून अधिक रोग्यांस ६/१८ किंवा अधिक दिसत होते. दुसरे वाचन अधिक विचार करावयास लावणारे आहे. कृत्रिम भिंग बसवूनही चष्म्याविना निम्म्याहून कमी आणि चष्म्यासह जवळजवळ नऊ दशांश, हे अंतर २००३ च्या अभ्यासातही शिल्लक होते. चष्मा आता जाड राहिला नाही, पण तो निरर्थकही झाला नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीस जो वृद्ध पोहोचत नाही त्याच्यासाठी हे अंतर भरून निघत नाही.

मोजणीतील आणखी एक बाब येथे नोंदविली पाहिजे. मदुराईच्या अभ्यासात वयाची मर्यादा ७५ होती, पुण्याच्या अभ्यासात ती ९० पर्यंत गेली. मोतीबिंदू ज्या वयात सर्वाधिक असतो ते वय चाचणीतून वगळले, तर निष्कर्ष कोणासाठी, असा प्रश्न उरतो. अतिवृद्ध मनुष्यास मधुमेह असतो, दृष्टिपटल झिजलेले असते, उताणे निजता येत नाही, ऐकू कमी येते. अशांना बाहेर ठेवल्यास आकडे सुबक दिसतात आणि उपयोगाला कमी पडतात. पुण्याच्या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या टक्केवारीत आहे, तितकेच त्याच्या वयोमर्यादेतही आहे.

७

या प्रकरणावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. वैदूने यश मोजले ते सुई काढल्याच्या क्षणी, इस्पितळाने रोगी घरी निघाला त्या दिवशी, शासकीय कार्यक्रमाने शस्त्रक्रियेच्या आकड्यात. वृद्धाच्या स्वतःच्या घरी, त्याच्या स्वतःच्या चष्म्यासह, महिन्यांनंतरची दृष्टी मोजण्याची रीत सर्वात शेवटी आली. प्रत्येक अवस्थेतील मोजणी त्या अवस्थेतील माणसांना पुरेशी वाटत होती. तिची अपूर्णता पुढची मोजणी आल्यावरच उघड झाली. हस्तकौशल्य, स्वच्छता आणि भिंग यांच्या सुधारणेबरोबर, रोग्याच्या मागे किती दूरवर जावयाचे याची सुधारणाही घडत होती, आणि उपचाराच्या इतिहासाचा तो अविभाज्य भाग आहे.

हा प्रश्न निकालात निघालेला नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी १.९९ टक्के व्यक्ती अंध आढळल्या, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळेच होते. ज्या विकारावर दोन सहस्रकांपासून शस्त्र चालत आले आहे आणि ज्यावरील आजचा उपचार चाचण्यांनी सिद्ध झालेला आहे, त्यानेच इतके वृद्ध अंध राहावेत, यावरून उपचाराचा पुरावा आणि उपचाराची प्राप्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत हे दिसते.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे भरपूर काम आहे. संस्थानी दप्तरे, मिशनचे वार्षिक अहवाल, खानेसुमारीचे तक्ते, जिल्हा कार्यक्रमांची प्रतिवृत्ते ही सामग्री आतापर्यंत संस्थांचा गौरव करण्यासाठी वापरली गेली. तीच सामग्री निराळा प्रश्न मनात ठेवून वाचली पाहिजे. वहीतील नोंद जेथे संपते, तेथून ते म्हातारे माणूस कोठे गेले, हा तो प्रश्न होय. मिरजेच्या स्थानकावर डोळ्यास पट्टी बांधून परतीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या वृद्धाबरोबर पुरावाही गाडीत चढला पाहिजे आणि त्याच्या घरापर्यंत गेला पाहिजे. तसा तो गेला नाही, तर उपचार कितीही प्रगत असला तरी त्याच्या यशाविषयीचे विधान वैदूच्या बोटे मोजण्याच्या प्रयोगाहून फारसे पुढे गेले असे म्हणता येणार नाही.